आज किती जणांना उतरली?

माणूस घास कसा गिळतो, हे बघायची मी काही वर्षं नोकरी केली. असं सांगितलं की लोक आधी हसतात. आमच्या अवसरी बुद्रुकच्या भावकीत तर त्यावरून माझी चेष्टाच चालायची. लग्नाच्या पंगतीत मी वाढायला आले की एखादा चुलत दीर लाडू तोंडाशी धरून म्हणायचा, "वैनी, बघा बरं, नीट चाललाय का खाली?" मीही सोडायची नाही. "तुमचं काय अडतंय भाऊजी, तुमच्या घशातून ट्रॅक्टर जाईल," असं म्हणून पुढच्या पानावर जायचे. आता असली चेष्टा कुणी केली की माझं डोकं फिरतं. लोकही आता फारशी करत नाहीत.

मी एक्स-रे टेक्निशियन. मंचरच्या एका खाजगी इस्पितळात कामाला होते. तिथे पुण्याहून एक डॉक्टर मॅडम संशोधनासाठी आल्या आणि तळमजल्यावरची एक खोली त्यांच्या ताब्यात दिली गेली. ज्यांना गिळायला त्रास होतो अशा माणसांची चित्रं त्यांना जमवायची होती. साधा एक्स-रे एक क्षण धरून ठेवतो. हे यंत्र चालतं चित्र दाखवायचं. पेशंटला यंत्रासमोर उभं करायचं, हातात बेरियमचा पेला द्यायचा आणि घोट घ्यायला सांगायचं. बेरियम म्हणजे दिसायला खडूचं पाणी, चवीलाही तेच. पडद्यावर मात्र ते काळं दिसतं. जिभेवरून घशात, घशातून छातीतल्या वीतभर नळीत आणि तिथून जठरात, ती काळी धार कशी जाते, कुठे रेंगाळते, कुठे अडते, सगळं डोळ्यांसमोर.

मॅडमना अशी पुष्कळ चित्रं संगणकाला दाखवून त्याला शिकवायचं होतं. नळी जराशी कुठे आकसायला लागली, तर माणसाच्या डोळ्याला कळण्याआधी त्याला कळलं पाहिजे. लवकर कळलं तर माणूस वाचतो, उशिरा कळलं तर नाही. एवढंच ते संशोधन होतं, आणि मला ते मनापासून पटलं होतं. इतकी वर्षं हाडं आणि छात्यांचे फोटो काढून मी कंटाळले होते. इथे काहीतरी घडेल असं वाटायचं.

पातळ घोट झाला की दाट घोट, आणि मग घट्ट घास. पुस्तकात घट्ट घासाला पाव सांगितला होता. पहिल्याच आठवड्यात पेशंट मॅडमना सांगायला लागले, "पाव जातो हो, भाकर न्हाई जात." मॅडम शहाण्या होत्या. त्यांनी पाव बंद केला आणि मला विचारलं, रोज एक भाकरी आणता येईल का? बाजरीची, सकाळी भाजलेली, तेल-तूप काही न लावलेली. तिचा नखाएवढा तुकडा बेरियममध्ये बुडवून पेशंटला द्यायचा. मी म्हटलं, आणते की, त्यात काय.

आणायची मी, भाजायची माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. तिचं माहेर शिनोलीचं. घर तीच चालवायची. मी सकाळी आठच्या गाडीला पळायचे, तोवर माझा डबा, माझ्या नवऱ्याची आणि थोरल्या दिरांची न्याहारी, धारेचं, चुलीचं सगळं तिनं उरकलेलं असायचं. त्यात ही एक भाकरी वाढली. वेगळ्या फडक्यात बांधून ती माझ्या हातात द्यायची. "ही तुज्या मशीनची," म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं ती इतकी गोल आणि पातळ भाजली होती, की मॅडमनी मोबाइलवर तिचा फोटो काढला.

संध्याकाळी मी घरी आले की अक्का चहा पुढे ठेवायची आणि विचारायची, "आज किती जणांना उतरली?"

मला त्याची मजा वाटायची. आपण भाजलेली भाकरी परक्या माणसांच्या घशातून गेली की नाही, याची तिला चौकशी! मी सगळं रंगवून सांगायचे. घोडेगावचे एक मास्तर भाकरीचा तुकडा बघून म्हणाले, सोबत ठेचा न्हाई का. एका म्हातारीला पांढरं ताक समजून बेरियम आवडलं आणि तिनं आणखी मागितलं. अक्का पदर तोंडाला लावून हसायची. मग हळूच विचारायची, "आन ज्यांना न्हाई उतरली?" मी सांगायचे, त्यांची नळी अरुंद झालेली असते. काहींची नुसती आकसलेली असते, त्यांना उपाय आहे. काहींना आतून गाठ असते. ज्यांचा पातळ घोटच अडतो त्यांना तर मॅडम भाकरी देतच नाहीत, उगाच अडकायची. "आन मंग त्यांचं पुढं काय व्हतं?" मी चहाचा घोट घेता घेता सांगायचे, "त्यांचं काय अक्का, त्यांना उशीर झालेला असतो." ती कप उचलून मोरीत न्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

त्या खोलीत बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, आणि मॅडमच्याही. पेशंट पुरुष असला की सोबत बायको यायची, आणि तिला सगळं ठाऊक असायचं. "दिवाळीपर्यंत दोन भाकरी खायचे. मंग दीड. संक्रांतीपास्नं अर्धी टाकून उठत्यात. घासागणिक पानी घेत्यात." मॅडम भराभर लिहून घ्यायच्या. पेशंट बाई असली की सोबत नवरा यायचा, मुलगा यायचा, दीर यायचा. त्यांना विचारलं, हिला कधीपासून गिळायला त्रास आहे, तर ते एकमेकांकडे बघायचे. "तसं काय न्हाई मॅडम, खाती की ती." काय खाते? "आमी खातो तेच." कधी खाते? यावर ते त्या बाईकडेच बघायचे. आणि त्या बायकांची चित्रं पडद्यावर आली की मॅडम पायाखालचं बटण सोडून चित्र थांबवायच्या. त्या बायका इतक्या उशिरा यायच्या.

कारण आमच्याकडे बाई जेवताना कुणी बघतच नाही. गडीमाणसं आधी जेवतात, मग पोरं, आलेलं-गेलेलं, मग सासू असली तर सासू. मग चुलीपुढे, भिंतीकडे तोंड करून, उरलंसुरलं एका ताटलीत घेऊन बाई बसते. कुणी आत डोकावलं तर घास ताटात ठेवून उठते. "काय पाहिजे?" भाकरी उतरेना झाली की ती आमटीत कुस्करते. कुस्करलेली उतरेना झाली की भात. भात उतरेना झाला की पेज. हे सगळं वर्षभर चालतं आणि घरातल्या एकालाही दिसत नाही, कारण दिसायची सोयच केलेली नाही. ती वाळायला लागली की म्हणायचं पित्त झालंय. आमच्या तालुक्यात पोटापासून गळ्यापर्यंतच्या सगळ्या दुखण्याला पित्त हा एकच शब्द आहे. अक्कालाही पित्तच होतं. शिनोलीच्या बाजारात डोंगरातल्या बाया हिरडा विकायला घेऊन येतात, तो ती माहेराहून आणायची आणि चघळत राहायची. मेडिकलमधलं गुलाबी औषध फडताळात असायचं. ती वाळली होती का? होती. कामाच्या बाया वाळलेल्याच असतात, त्यात कुणाला काय दिसणार.

मला का दिसलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी सकाळी उभ्यानं न्याहारी करून पळायचे आणि रात्री कमावती म्हणून मला गड्यांच्या मागोमाग वाढलं जायचं. अक्का नंतर. स्वतःच्या तोंडात मारून घेतलं की लोकांना बरं वाटतं, बाकीचे सुटतात. मी ते करणार नाही. आम्ही सगळेच एका घरात राहत होतो.

मग तिच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी कळंबची. नाशिक रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मग विहिणीची पंगत बसली. वरमाईच्या आयुष्यात हा एकच दिवस असा येतो, की तिला चौरंगापुढे बसवतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, उदबत्त्या लावतात आणि चारचौघींच्या देखत आधी तिला जेवायला घालतात. अक्का हिरव्या साडीत, हातभर हिरवा चुडा भरून बसली होती. एवढी नटलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मुलीच्या आईनं बुंदीच्या लाडवाचा तुकडा तिच्या तोंडात घातला. व्हिडिओवाला पोऱ्या दिवा धरून समोर उभा होता. तो म्हणाला, "काकू, परत एकदा, नीट आलं न्हाई." मुलीच्या आईनं दुसरा तुकडा घातला.

मी वरणाची बादली घेऊन समोरच होते. अक्कानं तो घास गालात धरला. मग गिळला. मग ती थांबली. खांदे किंचित वर, हनुवटी पुढे, आणि डाव्या हाताचा तळवा छातीच्या हाडावर. पुन्हा गिळलं, कोरडंच. हे मी रोज बघत होते. त्या तळमजल्याच्या खोलीत, पडद्यावर, परक्या माणसांच्या छातीत. तिनं पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि तो घोट तसाच वर आला. तिनं पदरात धरला. बायका खिदळल्या. "इहीनबाई लाजल्या!" कुणीतरी नाव घ्यायला सांगितलं, आणि अक्कानं ओल्या पदरानं तोंड पुसून नाव घेतलंही.

बादली तिथेच ठेवून मी तिच्यामागे हात धुवायच्या जागी गेले.

"अक्का, कधीपास्नं?"

"गप. लगीन हाय पोराचं."

"अक्का, मी तुला विचारते. कधीपास्नं?"

ती नळाखाली पदर धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सत्यनारायन हू दे. मंग येते तुज्यासंगं. तवर तोंड उघडलंस तर माजी शपथ हाय."

तेव्हा मला कळलं की तिला सगळं माहीत होतं. रोज संध्याकाळी चहा पिता पिता मीच तर सांगत होते. मी ज्याला मजा समजत होते ते ती शिकत होती. कुणाला उतरते, कुणाला उतरत नाही, आणि न उतरणाऱ्याचं काय होतं. आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून तिनं एवढंच ठरवलं, की आधी पोराचं लग्न होऊ दे. आधी सांगितलं असतं तर लग्न लांबलं असतं, मुलीकडच्यांनी काय म्हटलं असतं, हळद-मांडव कुणी बघितलं असतं. मला तिचा इतका राग आला की मी त्या मोरीत तिला हलवून विचारलं, तुला तुझ्या जिवाचं काही आहे की नाही. "हाय की," ती म्हणाली. "मंग?"

पूजा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सकाळी तिनं नेहमीसारखी भाकरी भाजली. फडक्यात बांधली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली. खोलीत आल्यावर मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाकरी तुम्ही करता होय!" अक्का लाजली. मॅडमनी नेहमीचे प्रश्न विचारले. तंबाखू खाता का? "न्हाई." मी मध्येच म्हटलं, मिश्री. "ती लावते," अक्का म्हणाली, "खात न्हाई." सगळ्या बाया हेच म्हणतात. भाजून काळी केलेली तंबाखू वर्षानुवर्षं हिरड्यांना लावायची, लाळेबरोबर गिळायची, आणि वर खात नाही. मॅडमनी मिश्री लिहून घेतली.

मंगळसूत्र काढून तिनं माझ्याकडे दिलं. चुडा काढायला मात्र तयार होईना. पोराच्या लग्नाचा चुडा, अजून महिना झाला नाही, अपशकुन होईल. बांगड्या चित्रात येतील, असं मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, राहू दे, छातीच्या मध्ये नाही येत, हात जरा बाजूला धरा.

मग मॅडमनी बटण दाबलं आणि अक्कानं घोट घेतला. धार तोंडातून, घशातून झरझर उतरली. क्षणभर मला वाटलं, जाईल. देवा, जाईल. ती छातीच्या मध्यावर येऊन थांबली. वर साचत गेली, नळी फुगली, आणि त्याखाली दोऱ्याएवढ्या वाकड्या वाटेतून थोडं थोडं झिरपायला लागलं. त्या वाटेच्या कडा कुरतडल्यासारख्या होत्या. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मॅडमनी पुन्हा घोट घ्यायला सांगितलं, तिरपं उभं केलं, पुन्हा घ्यायला सांगितलं. पडद्याच्या कडेला तिचा हात दिसत होता, पेला धरलेला, आणि मनगटावर काचेच्या बांगड्यांच्या फिकट चकत्या एकावर एक.

पेला ठेवून अक्कानं स्वतःच फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा मोडायला घेतला.

"नको," मॅडम म्हणाल्या. "भाकरी आज नको, ताई."

अक्कानं मॅडमकडे बघितलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं फडक्याची टोकं एकमेकांवर घेतली आणि गाठ मारली.

मंचरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो तेव्हा तिनं ते फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "खा. सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुज्या." मी म्हटलं मला नको. "खा म्हनते ना." मी खाल्ली. कोरडी, तशीच. ती शेजारी बसून माझ्या गळ्याकडे बघत होती, प्रत्येक घास खाली जाईपर्यंत. मला रडू येत होतं आणि भाकरी मात्र नीट उतरत होती.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात दुर्बीण घालून तुकडा काढला, स्कॅन झाला. गाठ नळीच्या बाहेर पडून यकृतापर्यंत गेली होती. ऑपरेशन करून उपयोग नव्हता. त्यांनी आत एक जाळीची नळी बसवली, तेवढी वाट मोकळी राहावी म्हणून. काही दिवस पेज, दूध, नाचणीची आंबील गेली. तेवढ्यावर घरात सगळ्यांना वाटायला लागलं की आता ही बरी होणार. थोरले दीर मंचरहून सफरचंदं, द्राक्षं पिशव्या भरभरून आणायला लागले. त्यांना सांगितलं की हे तिला जाणार नाही, तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, इच्छा झाली तर खाईल." फळं नातेवाइकांनी खाल्ली. मी रोज इस्पितळात जायचे, परक्यांना घोट घ्यायला लावायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. आता अक्का काही विचारायची नाही. उभं राहता येत होतं तोवर भाकरी मात्र तीच भाजायची. मी नको म्हणायचे, मॅडमही पाव घेऊ म्हणाल्या होत्या. ती ऐकायची नाही.

शेवटी शेवटी तिला चमच्यानं पेज भरवावी लागायची. दीर खाटेशेजारी बसायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच बसत असतील. पण ते समोर असले की अक्का तोंड मिटून घ्यायची. "तुमी जरा भायेर जावा," ती म्हणायची. "मंग घेते." ते उठून ओट्यावर जायचे, आणि मी पेजेचा चमचा पुढे करायचे. मरायला टेकलेली बाई, तरी नवऱ्यादेखत घास घ्यायची लाज. मला तेव्हा दोघांचाही राग यायचा आणि दोघांची कीवही यायची. मग पेजही परत यायला लागली, मग पाणी. ती गेली तेव्हा तिच्या हातात चुडा सैल होऊन कोपरापर्यंत सरकत होता.

दहाव्याला नदीवर भावकी जमली होती. दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होते, "एका शब्दानं बोलली न्हाई. कदी सांगितलंच न्हाई तिनं." लोक मान हलवत होते. थोरल्या दिरांशी मी कधी तोंड वर करून बोललेले नाही, आमच्यात बोलत नाहीत. पण ते वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकलं आणि बायकांच्या घोळक्यातूनच मोठ्यानं म्हटलं, "सांगायला कशाला पाहिजे होतं? एका घरात राहत होतो ना? कुणी एकदा तरी बघितलं होतं का तिला जेवताना?"

दीर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझं बोलणं कळलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एका चुलत सासूनं माझा दंड धरून मला मागे नेलं. "लई लळा व्हता तिचा," ती बाकीच्यांना म्हणाली. "डोस्कं ठिकान्यावर न्हाई." मग पिंडाला कावळा शिवला आणि सगळे निघाले.

पुढे संशोधनाची मुदत संपली. जाण्याआधी मॅडमनी आसपासच्या डॉक्टरांची एक सभा ठेवली. वरच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. काम चांगलं झालं होतं. संगणक खरंच शिकला होता. घोट खाली जाताना नळी जिथे आकसते तिथे तो आपोआप पिवळा चौकोन काढत होता, काही ठिकाणी तर फार लवकर. मॅडम एकेक चित्र दाखवत होत्या. नाव नसतं, गाव नसतं, फक्त क्रमांक. एक चित्र आलं आणि मी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिले. पडद्याच्या कडेला पेला धरलेला हात होता आणि मनगटावर बांगड्यांच्या चकत्या.

ते चित्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागत होतं. घोट घेतला, उतरला, थांबला, साचला. घोट घेतला, उतरला, थांबला, साचला. हॉलमधले सगळे बघत होते. मागचे नीट दिसावं म्हणून उभे राहिले. चित्र फार स्पष्ट आलंय, असं कुणीतरी म्हणालं. अक्काला घोट घेताना एवढ्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं. ती असती तर तिनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं असतं.

एका तरुण डॉक्टरनं विचारलं, बायका इतक्या उशिरा का येतात? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी यावर कितीदा बोललो होतो. एकदा त्या मला म्हणाल्याही होत्या, मला कळतं गं, पण त्या यंत्रासमोर येऊन उभ्या राहीपर्यंत मी त्यांना बघणार कशी? हॉलमध्ये त्या म्हणाल्या, "जागृती कमी पडते." डॉक्टरनं मान हलवली. त्यानंतर चहा झाला. ज्यांच्या घरची वाट उसातून होती ते बिबट्याच्या धाकानं लवकर निघाले.

मॅडम पुण्याला गेल्या. यंत्राची खोली आता सामानाची खोली आहे. मी पुन्हा हाडांचे फोटो काढते. संगणकाला जे शिकवलं ते कुठे ना कुठे उपयोगाला येईल, असं मॅडम फोनवर सांगतात. येईलही. मला आता त्याचं काही वाटत नाही.

सभेच्या त्या दिवशी मी घरी आले तेव्हा गड्यांची जेवणं नुकतीच झाली होती. अक्काची सून आत चुलीपुढे होती. कळंबची ती मुलगी. अक्का गेल्यावर सगळं तिच्यावर आलंय, आणि कुणी न सांगता तिनं ते जसंच्या तसं उचललंय. तिनं माझं ताट वाढलं. मी ते तिच्यापुढे सरकवलं आणि समोर पाट घेऊन बसले.

"तू जेव आधी. माझ्यासमोर."

"असं कसं काकी? तुमी जेवा. मी जेवते मागनं."

"जेव म्हणते ना."

माझा आवाज चढला होता. ती घाबरून बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. ती चावत राहिली, चावत राहिली. मग तिनं पाण्याचा तांब्या ओढला आणि घोट घेतला. मी पाटावरून पुढे सरकले.

"काय होतंय? अडतंय का?"

"न्हाई हो." ती कानशिलापर्यंत लाल झाली होती आणि हसत होती. "तुमी असं बघू नका ना काकी. कुणी बघितलं की घासच उतरत न्हाई मला."

"कधीपास्नं?"

"काय कधीपास्नं? लहानपनापास्नं." आणि ती पदर तोंडाला लावून, अगदी अक्कासारखी, हसली. "जावा ना तुमी भायेर. मंग जेवते."

मी बसून राहिले. तीही बसून राहिली, हात ताटात, डोळे खाली. आमटी गार व्हायला लागली. दिवसभर राबलेली पोर, भूक लागली असणार. मी उठले आणि ओट्यावर आले. दीर बडीशेप चघळत बसले होते. आतून ताटलीचा आवाज आला, मग तांब्याचा, मग पुन्हा तांब्याचा. ती जेवत होती. तिला उतरत होतं की नाही, ते मला तिथून दिसत नव्हतं.